शिकारीच्या रानात हरीण मोठं होतच नाही?

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यातून कुणाचा तरी भाचा फोटो पाठवतो: नारिंगी जाकिटं घातलेली माणसं, पिकअपमध्ये टाकलेलं हरीण. खाली एक वाक्य असतं, ‘इथे शंभरातली ऐंशी हरणं वयात येण्याआधीच मारली जातात.’ मग घरच्या ग्रुपवर हळहळ सुरू होते. हे वाक्य आता इतक्यांदा फिरलंय की त्याची नीट चिरफाड करायलाच हवी.

ऐंशीचा आकडा हवेतून आलेला नाही. पण तो सगळ्या हरणांचा नाही आणि आजचाही नाही. २००२ च्या आधी पेन्सिल्व्हेनियात शिकार झालेल्या *शिंगवाल्या नरांपैकी* सुमारे ८० टक्के जेमतेम दीड वर्षाचे असत. हा आकडा राज्याच्या गेम कमिशनचा, म्हणजे वन्यजीव खात्याचा आहे. खात्याचे लोक हंगामात मांस कापून देणाऱ्या दुकानांत जाऊन हरणांचे दात तपासतात आणि वय ठरवतात. एका हंगामात शिंगवाल्या पाच नरांमधले जवळपास चार टिपले जात. म्हणजे नरांपुरती अवस्था खरोखर वाईट होती, हे मान्य. पण ‘शिंगवाले नर’ हे दोन शब्द गाळून ‘हरणं’ लिहिणं म्हणजे मुलांच्या वसतिगृहाचा निकाल अख्ख्या कॉलेजच्या नावावर खपवणं. माद्या कुठे गेल्या? पाडसं कुठे गेली?

पाडसांपासूनच सुरुवात करू, कारण मोठी गळती तिथेच आहे. २००० आणि २००१ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी गेम कमिशनबरोबर दोनशेहून अधिक नवजात पाडसांना रेडिओ कॉलर लावून त्यांचा माग ठेवला. एक जागा शेतीची, पेन्स व्हॅली. दुसरी दाट जंगलाची, क्वेहाना. चौतीस आठवड्यांनंतर शेतीच्या भागात निम्म्याहून जरा अधिक पाडसं जिवंत होती, जंगलात शंभरातली चाळीससुद्धा नाहीत. त्यांना मारलं कुणी? जवळपास निम्मे मृत्यू शिकारी प्राण्यांमुळे झाले, त्यातही प्रामुख्याने काळी अस्वलं आणि कायोटी. आणखी सव्वीस-सत्तावीस टक्के उपासमार, आजार अशा नैसर्गिक कारणांनी. बंदूक, मोटारी आणि बाकी सगळं मिळून उरलेल्या चौथाईत बसतं. क्वेहानासारख्या रानात जन्मलेलं पाडस मोठं होत नाही ते बहुतेक वेळा शिकाऱ्याने त्याला पाहण्याआधीच.

आता ढोबळ हिशेब मांडू. शंभर पाडसं जन्मली. पहिला हिवाळा संपता संपता पंचेचाळीस उरली, त्यात नर बावीस-तेवीस. जुन्या पद्धतीत पाचातला एकच नर पुढच्या हंगामातून सुटत असे, म्हणजे अडीच वर्षांचे होणार चार-पाच. त्याच पंचेचाळिसातल्या माद्यांपैकी मात्र बहुसंख्य हंगाम ओलांडून पुढच्या उन्हाळ्यात स्वतःची पिल्लं घालत. ‘वयात येण्याआधी’ हे शब्द माद्यांना मुळात लागूच पडत नाहीत. चांगला चारा मिळालेली काही मादी पाडसं तर पहिल्याच शरदात, सहा-सात महिन्यांची असताना गाभण राहतात. दीड वर्षाचा नरही प्रजननक्षम असतो. त्याचं शरीर पूर्ण भरायला चार-पाच वर्षं लागतात, एवढंच. ‘मोठं होणं’ म्हणजे यातलं नेमकं काय, हे आधी ठरवलं नाही तर कुठलीही टक्केवारी काढता येते.

२००२ मध्ये नियम बदलला. राज्याच्या बहुतेक भागात एका बाजूच्या शिंगाला किमान तीन टोकं आणि पश्चिमेकडे चार टोकं असल्याशिवाय नर मारायचा नाही, असं ठरलं. बहुतेक कोवळ्या नरांची शिंगं तेवढी फुटलेली नसतात, त्यामुळे ते सुटू लागले. आज निम्म्याहून अधिक तरुण नर आपला पहिला हंगाम पार करतात आणि शिकार होणाऱ्या शिंगवाल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. भाच्याचा आकडा वीसेक वर्षांपूर्वीच कालबाह्य झालाय. फॉरवर्ड मात्र अजून ताजा आहे.

दुसऱ्या टोकाचा गैरसमजही तेवढाच चिवट आहे: शिकार थांबवा, सगळी पाडसं मोठी होतील. याचं उत्तर स्कॉटलंडच्या रम बेटावर मिळतं. तिथे उत्तरेकडच्या भागात तांबड्या हरणांची शिकार १९७२ च्या सुमारास पूर्ण थांबवली गेली. लांडगे तिथे नाहीतच. केंब्रिजच्या टिम क्लटन-ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी एकेक हरीण ओळखून नोंदी ठेवल्या. साठच्या आत असलेल्या माद्या दहा-अकरा वर्षांत दीडशेच्या वर गेल्या. चारा तेवढाच राहिला. मग हिवाळ्यात पिल्लं मरण्याचं प्रमाण वाढलं, आणि नर पिल्लं मादी पिल्लांपेक्षा जास्त मरू लागली. माद्या पहिल्यांदा विण्याचं वयही पुढे सरकलं. तिथे बंदूक गप्प होती, तरी वयात येणं अवघड झालं आणि लांबलंही. शिकारीचं समर्थन करायला हे सांगत नाही. मरणाचं कारण बदललं म्हणून मरणारे घटतातच असं नाही, एवढंच म्हणणं आहे.

आता बाकीचे गैरसमज झटपट.

‘शिंगांना जितकी टोकं, तितकी वर्षं.’ नाही. टोकं चारा, प्रकृती आणि अनुवंशावर ठरतात. वय दातांवरून कळतं. आपल्या चितळ-सांबराच्या शिंगाला तर पूर्ण वाढीनंतर एका बाजूला सहसा तीनच टोकं असतात, मग नर पाच वर्षांचा असो की दहा.

‘सगळ्या हरणांची शिंगं गळतात.’ चितळ, सांबर, भेकर यांची गळतात. काळवीट आणि चिंकारा हे कुरंग. त्यांची शिंगं आयुष्यभर टिकतात.

‘माद्या मारल्या की कळप संपला.’ पेन्सिल्व्हेनियात २०२३-२४ च्या हंगामात सुमारे ४ लाख ३० हजार हरणांची शिकार झाली. त्यात अडीच लाखांहून अधिक बिनशिंगी, म्हणजे मुख्यतः माद्या आणि पाडसं होती. कळप तिथेच आहे. संपत आला होता तो १९०० च्या सुमारास, जेव्हा शिकारीला धरबंध नव्हता. १९०६ मध्ये मिशिगनहून हरणं आणून सोडावी लागली होती.

‘माणसाचा हात लागला की आई पाडसाला टाकते.’ कॉलर लावलेल्या पाडसांना त्यांच्या आयांनी वाढवलंच. गवतात एकटं दिसणारं पाडस पोरकं नसतं, आईने लपवलेलं असतं. उचलून घरी आणणारा दयाळू माणूसच त्याला पोरकं करतो.

‘मग आपल्याकडेही हेच आकडे असणार.’ अजिबात नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हंगामी शिकार बंद आहे. ताडोबा-पेंचच्या चितळामागे वाघ, बिबट्या, रानकुत्री आहेत, आणि चितळ वर्षभरात केव्हाही विते. पेन्सिल्व्हेनियाची टक्केवारी विदर्भाला लावणं हे मूळ फॉरवर्डपेक्षाही वाईट गणित आहे.

पुढच्या वेळी ‘शंभरातली ऐंशी’ समोर आली, तर हळहळीआधी विचारा: शंभर कोण, नर की माद्या, जन्मलेली की मारलेली, आणि कुठल्या सालची? चारही उत्तरं मिळाली तर आकड्यावर बोलू. नाही मिळाली, तर तो पुढे पाठवू नका.