जबड्याचा सांधा नेमका कुठे बसला आहे?

कानाच्या भोकाच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली सरकते ते खालच्या जबड्याच्या हाडाचे गोल टोक. ते कवटीच्या खोबणीत बसते आणि दोघांच्या मध्ये एक लवचीक चकती असते. तोंड उघडताना टोक आधी जागच्या जागी फिरते, मग चकतीला घेऊन पुढे सरकते. त्यामुळे ‘सांधा जागेवर आहे का?’ असे विचारले की उत्तरे दोन द्यावी लागतात: हाडाचे वेगळे, चकतीचे वेगळे.

दाताच्या दवाखान्यात बहुधा आधी ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र क्ष-किरण फोटो, काढतात. मोडलेले हाड किंवा फारच झिजलेले टोक त्यात कळते. पण तो काढताना पुढचे दात एका खाचेत धरायला लावतात, म्हणजे जबडा मुळातच थोडा उघडा आणि पुढे आलेला असतो. अशा चित्रावरून सांध्याची जागा ठरवणे चूकच.

हाडासाठी सीबीसीटी, म्हणजे त्रिमितीय क्ष-किरण स्कॅन, चांगला. यंत्र डोक्याभोवती फिरते, संगणक हव्या त्या दिशेने काप दाखवतो आणि टोकाच्या पुढची, वरची, मागची फट मिलिमीटरमध्ये मोजता येते. मात्र हे टोक चेहऱ्याला समांतर नसते, तिरके असते. काप त्याच्या तिरकसपणानुसार घेतला नाही तर मोजमाप फसवे निघते. किरणोत्सर्ग ओपीजीपेक्षा जास्त, आणि चकती यातही दिसत नाही.

चकती पाहायची तर एमआरआय. यात क्ष-किरण नाहीत. तोंड मिटून आणि उघडून, दोन्ही वेळा चित्रे घेतात. मिटलेल्या तोंडात चकतीची मागची जाड कड साधारणपणे टोकाच्या माथ्यावर हवी. ती पुढे घसरलेली असेल आणि उघडताना जागेवर येत असेल, तर बरेचदा ‘कट्’ असा आवाज होतो. जागेवर आलीच नाही तर बरेचदा तोंड पुरते उघडत नाही. सोनोग्राफी स्वस्त आणि सोपी, पण हाडाच्या आडोशामुळे चकतीची बाहेरची बाजूच तेवढी दिसते.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. काहीही दुखत नसलेल्या माणसांचा एमआरआय केला तरी सुमारे तिघांतल्या एकाची चकती सरकलेली आढळते. खोबणीत टोक अगदी मधोमध नसणे हेही निरोगी सांध्यांत सर्रास दिसते. त्यामुळे केवळ चित्रावरून दात कानसून चावा (वरखालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण) बदलायचा सल्ला मिळाला, तर आपल्या दुखण्याशी त्या चित्राचा संबंध काय, हे विचारलेच पाहिजे. उपचारानंतर पुन्हा सीबीसीटी काढून तुलना करायची असेल, तर दोन्ही वेळा दात सारखेच मिटलेले हवेत. नाहीतर फटीतला फरक उपचारामुळे पडला की चाव्यामुळे, हे सांगता येत नाही.