एका नाण्याची ओळख

वेरूळास गेलेला प्रवासी कैलास लेण्यापुढे उभा राहिला, म्हणजे त्याच्या कानी कृष्णराजाचे नाव येतेच. हे प्रचंड एकसंध मंदिर आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याने कोरविले, असे मानतात. परंतु त्याच्या आधी सुमारे दोनशे वर्षे या प्रदेशावर दुसरा एक कृष्णराज राज्य करीत होता. तो कलचुरी घराण्यातील. या दोघांची गल्लत एका नाण्यामुळे झाली आणि त्याच नाण्याच्या अभ्यासाने ती दूरही झाली.

हे नाणे चांदीचे व आकाराने लहान आहे. त्याच्या एका बाजूस राजाचे मुख, तर दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी आहे. नंदीभोवती ब्राह्मी लिपीत संस्कृत लेख आहे. त्यात राजा कृष्णराजास ‘परममाहेश्वर’, म्हणजे शिवाचा परमभक्त, म्हटले आहे. नाव तर वाचता आले. पण हा कृष्णराज कोणता? काही विद्वानांनी तो राष्ट्रकूट मानला. मात्र अक्षरांचे वळण अधिक जुने होते. शिवाय नाशिकजवळील अंजनेरी येथील ताम्रपटात ‘कृष्णराज रूपक’ या नाण्याचा उल्लेख आढळला. तो ताम्रपट सुमारे इ. स. ७१० चा, कैलास कोरविणारा कृष्ण गादीवर आला सुमारे इ. स. ७५६ मध्ये. मग त्याचे नाणे आधीच कसे चालेल? अर्थात ते कलचुरी कृष्णराजाचे ठरले.

या राजाचे एक नाणे वेरूळच्या एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यासमोर सापडले. त्यामुळे हे लेणे कैलासाहून बरेच जुने असावे, या मतास बळकटी आली.

अशा नाण्याचे मोल कसे करावे? सोनार धातूचे वजन पाहील. संग्राहक नाणे किती दुर्मिळ आहे आणि त्यावरील अक्षरे किती स्पष्ट आहेत, हे पाहील. इतिहासकार मात्र प्रथम विचारील, “हे कोठे सापडले?” लेण्यासमोरचे ते नाणे कोणी गुपचूप उचलून आटविले असते, तर चार पैसे मिळाले असते, पण लेण्याचा साक्षीदार कायमचा मुका झाला असता.

म्हणून मुलांनो, जुने नाणे सापडल्यास ते चिंचेने घासू नका. घासल्याने अक्षरे झिजतात. जागा नीट ध्यानात ठेवा आणि वडील माणसांकरवी जिल्हाधिकाऱ्यांस कळवा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन सापडल्यास तसे कळविणे इ. स. १८७८ च्या कायद्याने आवश्यकच आहे.