विजय कुणावर?

१६ डिसेंबर १८३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या न्कोमे नदीकाठी सुमारे ४७० गोऱ्या स्थलांतरितांनी बैलगाड्यांचा कोट रचून हजारो झुलू योद्ध्यांना तोंड दिलं. लढाई संपली तेव्हा अंदाजे ३,००० झुलू मरून पडले होते. गोऱ्यांपैकी काही जखमी झाले, पण दगावलं कुणीच नाही. लढाईच्या आधी या लोकांनी देवाला वचन दिलं होतं की, तू जय दिलास तर हा दिवस आमच्या पुढच्या पिढ्या शब्बाथासारखा पाळतील आणि तुझ्या नावानं आम्ही मंदिर बांधू. एका बाजूला बंदुका आणि तोफा, दुसऱ्या बाजूला भाले आणि ढाली, अशा लढाईचा निकाल समजून घ्यायला चमत्काराची गरज नाही. या स्थलांतरितांच्या वंशजांनी, म्हणजे आफ्रिकानर समाजानं, मात्र तो चमत्कारच मानला. नदीचं नाव ‘ब्लड रिव्हर’ पडलं, तो दिवस पुढे राष्ट्रीय सुटीचा झाला. १९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि अपार्थाइड, म्हणजे वंशावरून माणसांना वेगळं पाडण्याचं धोरण, कायद्यात उतरलं, तेव्हा त्यामागे ही जुनी खात्रीही होती की देव आपल्या पक्षाचा आहे आणि त्यानं आपल्याला जिंकून दिलेलं आहे.

दुष्टाईवर देवाचा विजय ही ख्रिस्ती श्रद्धेतली मध्यवर्ती गोष्ट आहे. तिच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात या अवघड उदाहरणापासून केलेली बरी, कारण दक्षिण आफ्रिकेत छळणारे आणि छळले जाणारे दोघेही बहुतांशी ख्रिस्ती होते. बायबल एकच, प्रार्थना एकच, आणि शेवटी देवच जिंकणार हा भरवसाही दोघांचा. मग या भरवशाला अर्थ काय उरतो? जो तो आपापल्या झेंड्यावर देवाचं नाव लिहून मोकळा होतो, एवढाच निष्कर्ष काढायचा का? मला तसं वाटत नाही. गोऱ्यांच्या चर्चनं जपलेला विजय शत्रूवरचा होता. डेस्मंड टूटू, बेयर्स नौदे, फ्रँक चिकाने या वर्णभेदाविरुद्ध लढलेल्या धर्मगुरूंनी ज्याच्या आधारावर दिवस काढले तो विजय दुष्टाईवरचा होता, आणि त्या दुष्टाईत स्वतःच्या माणसांची आणि स्वतःच्या मनातलीही दुष्टाई धरलेली होती. हा भेद वरवर बारीक दिसतो, पण या देशाच्या इतिहासात त्याचे परिणाम अतिशय ठोस झाले.

त्याचं मूळ बायबलच्या शेवटच्या पुस्तकात सापडतं. प्रकटीकरण हे पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमन साम्राज्याच्या दडपणाखाली लिहिलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. पात्म बेटावरचा योहान आशिया मायनरमधल्या सात मंडळ्यांना लिहितो. तिथे सम्राटाला देव मानून धूप जाळणं ही राजनिष्ठेची खूण होती. पुस्तकात पशू आहेत, अजगर आहे, युद्धं आहेत, आणि नेमक्या याच गोष्टींवर भविष्यवाल्यांनी शतकानुशतकं ताव मारलेला आहे. पण त्याचा गाभा पाचव्या अध्यायात आहे. सिंहासनासमोर विजयी सिंहाची घोषणा होते, योहान पाहतो, आणि त्याला दिसतो वध झालेला कोकरा. म्हणजे रोमनं क्रूसावर खिळलेला येशू हाच जिंकणारा. दुष्टाईनं आपलं सर्वांत भयंकर शस्त्र वापरून पाहिलं, तरी ते त्याच्याकडून द्वेष वसूल करू शकलं नाही आणि त्याला कबरेत ठेवूही शकलं नाही, असं ख्रिस्ती लोक मानतात. पौलाच्या नावानं ओळखलं जाणारं इफिसकरांस पत्र याचीच पुढची पायरी सांगतं: झगडा माणसांशी नसून माणसांना वेठीला धरणाऱ्या सत्तांशी आहे. अ‍ॅलन बूसाक या दक्षिण आफ्रिकी धर्मशास्त्रज्ञानं १९८७ साली प्रकटीकरणावर एक पुस्तकच लिहिलं. पात्म बेटावर लिहिलेलं ते पत्र आपल्याच वस्त्यांना आलेलं आहे, अशा जवळिकीनं त्यानं ते वाचलं. देशात तेव्हा लागू असलेल्या आणीबाणीत जगणाऱ्या वाचकांना पशू कोण हे समजावून सांगावं लागलं नसणार.

शत्रूवरच्या विजयाचा धर्म किती हळूहळू आकार घेतो, तेही इथे पाहायला मिळतं. १८५७ साली आफ्रिकानरांच्या डच रिफॉर्म्ड चर्चच्या सिनडपुढे, म्हणजे धर्मसभेपुढे, प्रश्न आला की गोऱ्यांनी आणि काळ्यांनी प्रभुभोजनाच्या एकाच मेजापाशी बसावं का. सिनडनं मान्य केलं की एकत्र उपासनाच इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. मात्र काहींच्या दुर्बलतेमुळे वेगळी उपासना चालवून घ्यायला हरकत नाही, असंही जोडून टाकलं. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी निराळं चर्च निघालं. त्यानंतर कधीतरी सवलत नियम झाली, आणि नियमाला धर्मशास्त्र मिळालं. माझ्या मते या सगळ्या कहाणीत १८५७ च्या त्या ठरावाहून शिकण्यासारखा दस्तऐवज नाही. त्यात कुणीही देवाला नाकारलेलं नाही. फक्त आपल्या माणसांच्या एका दुबळेपणाला दुष्टाई म्हणायचं टाळलेलं आहे.

ते टाळायला नकार देणारा माणूस त्याच चर्चमधून निघाला. बेयर्स नौदे यांचे वडील ब्रूडरबाँड या आफ्रिकानरांच्या गुप्त संघटनेच्या संस्थापकांपैकी. नौदे स्वतःही तिचे सदस्य आणि गोऱ्या मंडळीचे मान्यवर पाळक. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिल इथे पोलिसांनी ६९ निदर्शकांना ठार मारलं. त्यानंतर डिसेंबरमध्ये कॉटस्लो इथे जागतिक चर्च परिषदेच्या पुढाकारानं चर्चांची बैठक झाली आणि तिथे वर्णभेदाच्या अनेक अंगांवर टीका करणारं निवेदन निघालं. पंतप्रधान फर्वूर्ड संतापले, आणि गोऱ्या चर्चच्या सिनडांनी आपल्याच प्रतिनिधींचं निवेदन झटकून टाकलं. नौदे मात्र मागे हटले नाहीत. १९६३ साली त्यांनी ब्रूडरबाँड सोडली, सर्व वंशांच्या ख्रिस्ती लोकांसाठी ख्रिश्चन इन्स्टिट्यूट उभी केली आणि त्यापायी पाळकपद गमावलं. १९७७ मध्ये सरकारनं त्यांच्यावर बंदीहुकूम बजावला. सात वर्षं त्यांना सभेत बोलणं, लिहिणं, मोकळेपणानं लोकांना भेटणंही मना होतं. श्रद्धेत दृढ राहणं म्हणजे आपल्या जमातीला चिकटून राहणं अशी समजूत असेल, तर नौदे श्रद्धाहीन ठरतात. त्यांच्या समाजातल्या पुष्कळांनी त्यांना तसंच, आणि वर गद्दारही, ठरवलं होतं.

टूटूंच्या बाबतीत हीच कसोटी उलट्या दिशेनं आली. जुलै १९८५ मध्ये दुदुझा या काळ्यांच्या वस्तीत अंत्यविधीच्या वेळी जमावानं एका माणसाला पोलिसांचा खबऱ्या समजून धरलं आणि जाळायची तयारी केली. तोवर शांततेचा नोबेल मिळालेले टूटू आणि बिशप सिमियन न्कोआने यांनी गर्दीत घुसून त्याला सोडवलं. काहीच दिवसांनी त्याच वस्तीत एका तरुणीला तशाच संशयावरून जाळून मारण्यात आलं. त्यानंतर टूटूंनी भर सभेत आपल्याच लोकांना बजावलं की हे थांबणार नसेल तर मी कुटुंबासह देश सोडून जाईन. ज्यांची घरं पाडली, ज्यांची मुलं गोळ्यांना बळी पडली, त्यांना हे ऐकवणं सोपं नव्हतं. पण दुष्टाई गोऱ्या कातडीत राहत नाही, ती कुणाच्याही हातात काडेपेटी देऊ शकते, हे ज्याला खरोखर पटलेलं आहे त्याला गप्प बसता येत नाही. हेच टूटू १९८८ साली केप टाऊनच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये राज्यकर्त्यांना उद्देशून म्हणाले की तुम्ही आधीच हरलेला आहात, तेव्हा जिंकणाऱ्या बाजूला या. त्या वेळी सैन्य, पोलीस, तुरुंग सगळं सरकारकडे होतं. हे आव्हान म्हणून ऐकू येतं, पण ते आमंत्रण होतं; ब्लड रिव्हरच्या विजयात हरलेल्या झुलूंना असं आमंत्रण कुठे होतं?

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: देव जिंकणारच असेल तर माणसानं कशाला धडपडावं? धर्म दुःख सोसायला शिकवतो आणि मालकाचं फावतं. हा आक्षेप मार्क्सवाद्यांचा म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण दक्षिण आफ्रिकेत तो ख्रिस्ती लोकांनीच मांडला. १९८५ साली १५० हून अधिक जणांच्या सह्यांनी ‘कैरोस’ दस्तऐवज निघाला. पौलाच्या रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करून आज्ञापालन शिकवणारा सरकारी धर्म त्यानं नाकारला. राज्यसत्ता पशू कशी होते हे सांगणारा प्रकटीकरणाचा तेरावा अध्यायही बायबलमध्येच आहे, याची आठवण दिली. पण त्याचा कठोर रोख चर्चच्या गुळमुळीत समेटाच्या भाषेवरही होता. न्यायाशिवाय समेट म्हणजे दुष्टाईशी तडजोड, असं त्याचं म्हणणं. म्हणजे विजयावरचा भरवसा हातावर हात ठेवून बसायला लावू शकतो, हे खरंच आहे. पण तो निघाला की माणसं आपोआप लढायला उठतात, हे मात्र कुठे दिसत नाही. लांबलेल्या लढ्यात माणसं थकतात, नाहीतर कडवट होतात. टूटू रोज पहाटे प्रार्थनेला आणि मौनाला वेळ देत, शक्य तेव्हा रोज प्रभुभोजनविधी करत. रेझरेक्शन मठसंघाच्या धर्मगुरूंकडून त्यांनी ती शिस्त घेतली होती. इतक्या वर्षांच्या धमक्यांनंतरही त्यांचं हसू गडगडाटी राहिलं, ते या शिस्तीमुळे असं म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नसावी.

दुसरा आक्षेप इतिहासकारांचा. वर्णभेद प्रार्थनेनं पडला नाही. आर्थिक निर्बंध, कामगारांचे संप, वस्त्यांमधले उठाव, भूमिगत सशस्त्र लढा आणि शीतयुद्धाचा शेवट यांनी तो पाडला. बहुतांशी मान्य. टूटू स्वतः निर्बंधांची मागणी जगभर करत फिरत होते, आणि १९८६ साली अमेरिकी काँग्रेसनं रेगन यांचा नकाराधिकार ओलांडून निर्बंधांचा कायदा केला. देवाचा हात साधनांतून चालतो असं मानणाऱ्याला यात विसंगती वाटत नाही. शिवाय एक साधी वस्तुस्थिती विसरू नये. २४ फेब्रुवारी १९८८ रोजी सरकारनं १७ संघटनांच्या कामावर बंधनं घातली तेव्हा चर्च हीच उघडपणे बोलू शकणारी मोठी जागा उरली. पाचच दिवसांनी या बंधनांच्या निषेधार्थ धर्मगुरू संसदेकडे चालत निघाले आणि अटकेत गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दक्षिण आफ्रिकी चर्च परिषदेचं मुख्यालय खोत्सो हाउस बाँबनं उडवण्यात आलं. ते कृत्य सुरक्षा पोलिसांचंच होतं, हे पुढे उघड झालं. प्रार्थना निरुपद्रवी असती तर पोलिसांनी एवढी दारू खर्च केली नसती.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे आणि त्याला पुरतं उत्तर आहे असं मी म्हणणार नाही. वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या, टूटूंच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगानं एप्रिल १९९६ मध्ये सुनावण्या सुरू केल्या. २० हजारांहून अधिक पीडितांचे जबाब नोंदवले गेले. राजकीय गुन्ह्याचं पूर्ण सत्य सांगणाऱ्याला माफी मिळण्याची तरतूद होती. ७,११२ अर्जांपैकी ८४९ जणांना ती मिळाली. १९७७ साली कोठडीत मारले गेलेले वर्णभेदविरोधी कार्यकर्ते स्टीव्ह बिको यांच्या कुटुंबानं इतर काही कुटुंबांसह या तरतुदीला घटनात्मक न्यायालयात आव्हान दिलं आणि ते हरलं. त्यांचा प्रश्न रास्त होता: आमच्या वतीनं क्षमा करणारे तुम्ही कोण? ख्रिस्ती शिकवणीतली क्षमा ज्याला घाव बसला त्याच्याकडून येते. राज्यानं ती वाटली की तिचा रंग बदलतो. आयोगाच्या बाजूनं एवढं म्हणता येतं की माफी आंधळी नव्हती. बिको यांच्या मृत्यूशी संबंधित पोलिसांना ती नाकारली गेली, कारण त्यांनी पूर्ण सत्य सांगितलं नाही. आणि ज्यांना खरोखर क्षमा करण्याचा अधिकार होता अशा काहींनी ती केलीही. १९८९ साली चर्च परिषदेचे सरचिटणीस फ्रँक चिकाने यांच्या कपड्यांना विष लावून त्यांना मारायचा प्रयत्न झाला होता. त्या काळचे कायदा व सुव्यवस्था मंत्री अ‍ॅड्रियान फ्लॉक २००६ साली त्यांच्या कार्यालयात गेले आणि त्यांनी चिकाने यांचे पाय धुतले. काहींना हे नाटक वाटलं. पुढच्या वर्षी फ्लॉक यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना स्थगित शिक्षा झाली. एवढ्यावर न्याय पुरा झाला असं कुणी म्हणू नये, पण गृहीत धरलेला शत्रू शेवटपर्यंत शत्रूच राहिला पाहिजे, हा नियम तिथे मोडला हे नक्की.

शत्रूवरचा विजय आणि दुष्टाईवरचा विजय यांतला भेद टूटूंनी आपल्या लोकांची सत्ता आल्यावरही सोडला नाही. मे १९९४ मध्ये केप टाऊनच्या सिटी हॉलसमोर जमलेल्या लोकांपुढे नेल्सन मंडेला यांना नवे राष्ट्राध्यक्ष म्हणून त्यांनीच आनंदानं उभं केलं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांच्या ८० व्या वाढदिवसाला दलाई लामा येणार होते. मंडेलांच्याच आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या सरकारनं व्हिसा वेळेत दिलाच नाही. टूटूंनी पत्रकार परिषदेत त्या सरकारला ऐकवलं की वर्णद्वेषी राजवट पडावी म्हणून आम्ही प्रार्थना केली होती. एक दिवस तुमची पडावी म्हणूनही करू. २०१३ साली त्यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की माझं मत आता या पक्षाला नाही.