अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्याचं खान्देशच्या कापसाशी काय नातं?

सावदा म्हटलं की केळी. पण १८६०च्या दशकात खान्देशात पैसा खेळला तो कापसामुळे, आणि त्या तेजीची मुळं अमेरिकेतल्या गुलामगिरीत होती.

इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तेव्हा दक्षिण अमेरिकी संस्थानांतून यायचा. तो वेचायचे गुलाम. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली आणि इंग्रज व्यापारी मुंबईकडे वळले. भाव कडाडले, खान्देशात कापसाचा पेरा वाढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं. तिकडे गुलाम सुटले, इकडे भाव कोसळले. आपण त्या तेजी-मंदीबद्दल बोलतो, पण त्यात हे गुलाम येतच नाहीत. जोतीराव फुल्यांनी मात्र १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

कोणी नातेवाईक तिकडे असतील आणि जाणं होणार असेल, तर लुइझियाना राज्यातलं व्हिटनी प्लँटेशन बघा. हा मळा कापसाचा नाही, उसाचा. असे कितीतरी जुने मळे आज मालकाचा वाडा कौतुकाने दाखवतात, लग्नासाठी भाड्यानेही देतात (हो, खरंच). २०१४ मध्ये लोकांसाठी उघडलेलं व्हिटनी गुलामांची बाजू सांगतं. त्यांच्या लाकडी खोल्या आहेत, उसाचा रस आटवायच्या मोठाल्या लोखंडी कढया आहेत. गुऱ्हाळ पाहिलेल्याला तिथली धग वेगळी सांगावी लागणार नाही. आणि दगडी भिंतीवर कोरलेली गुलामांची नावं आहेत. बऱ्याच नावांपुढे आडनाव नाही.