नखरेल चिमुकल्यांसाठी घरचा खाऊ: ठकीच्या थालीपिठाची गोष्ट



आमचं घर ग्वाल्हेरला, किला गेटला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून किल्ल्याची तटबंदी दिसते. पुण्यात बीई करून, तिथेच सॉफ्टवेअरची नोकरी धरून, लग्नानंतर मी इकडे आले. नोकरी पुण्यातलीच आहे, फक्त आता लॅपटॉप किला गेटच्या माडीवर असतो. घरात नवरा, सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते) आणि आमची लेक. सगळे तिला ठकी म्हणतात. ठकी आता सव्वादोन वर्षांची आहे. ही गोष्ट ती दीड वर्षाची असतानाची.

तोवर ठकी छान जेवायची. वरणभात, गुरगुट्या खिचडी, कुस्करलेला बटाटा, समोर येईल ते. मग एक दिवस तिने तोंड घट्ट मिटलं. पोळी नको, भात नको, भाजी तर डोळ्यांसमोरही नको. चमचा दिसला की मान फिरायची. आई ताटली घेऊन अंगणभर तिच्यामागे. चिऊकाऊ झाले, मोती झाला, शेजारच्यांची म्हैससुद्धा बोलावून झाली. शेवटी मोबाईल आला. कार्टून लावलं की तोंड उघडायचं, घास आत जायचा. ठकी काय खातेय याकडे तिचं लक्षच नसायचं. एकदा बॅटरी संपली आणि घास तिने तसाच बाहेर काढून ठेवला, जणू आत्ताच कळलं की तोंडात काहीतरी आहे!

माझी एक्सेल शीट

इंजिनिअर माणूस काळजीत पडला की शीट उघडतो. मीही उघडली. सकाळ, दुपार, रात्र असे तीन रकाने, प्रत्येकात किती घास खाल्ले त्याचा आकडा. आमच्या घरावरून किल्ल्यावर चढत गेलं की वाटेत चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या इसवी सन 876 च्या शिलालेखात शून्य कोरलेलं आहे, ते बघायला लांबून लोक येतात. त्या आठवड्यात माझ्या शीटमध्ये इतकी शून्यं होती की लोकांनी आमच्याकडेच यायला हरकत नव्हती.

आईंना मात्र हसू येत नव्हतं. "लेकरू उपाशी झोपलं की मला झोप लागत नाही गं," त्या म्हणायच्या. मग रात्री दुधाची बाटली यायची. मला राग यायचा, त्यांना वाईट वाटायचं आणि नवरा दोघींच्या मध्ये उभा राहून बघत बसायचा. खरं सांगायचं तर त्या दिवसांत ठकीच्या जेवणापेक्षा आमच्या घरातलं बोलणं जास्त बिघडलं होतं.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठकीचं वजन केलं: दहा किलो शंभर ग्रॅम. वाढीच्या तक्त्यावर ठिपका दिला आणि म्हणाले, "हिचं सगळं ठीक आहे." मग नीट समजावून सांगितलं. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं. ठकी तीन किलोची होती, वर्षाची झाली तेव्हा नऊची. दुसऱ्या वर्षात मात्र मूल जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग कमी झाला की भूकही कमी होते. त्यातच या वयात अनोळखी पदार्थाची भीती वाटू लागते, हेही बहुतेक मुलांत दिसतं. मग त्यांनी विचारलं, "दूध किती पिते? आणि मधल्या वेळचं काय?"

माझ्या शीटमध्ये ते रकानेच नव्हते!

घरी येऊन तीन दिवस सगळं लिहिलं. सकाळी उठल्यावर दूध. अकराला आजीच्या हातचं बिस्कीट. जेवली नाही म्हणून दुपारी दूध. संध्याकाळी आजोबांच्या मित्रांनी दिलेलं टोस्ट. रात्री परत दूध. बेरीज केली तर दिवसाला पाऊण लिटरच्या वर दूध आणि पाच-सहा बिस्किटं. या वयाला दिवसभरात अर्धा लिटरच्या आसपास दूध पुरतं. त्यापेक्षा फार जास्त झालं तर जेवणाची भूक मरते आणि लोहही कमी पडू शकतं. ठकी उपाशी नव्हतीच. तिचं पोट भरलेलं होतं, फक्त आम्हाला हवं त्याने नव्हे.

यात चूक आईंची नव्हती. ताटाबाहेरचं खाणं मी मोजलंच नव्हतं. ते त्यांना तसं सांगितलं, तेव्हा घरातला पहिला ताण उतरला.

खाऊ म्हणजे छोटं जेवण

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. तीन जेवणं आणि दोन खाऊ, वेळा ठरलेल्या. मध्ये फक्त पाणी. दूध दोनदाच, तेही कपातून. आणि खाऊ म्हणजे बक्षीस नाही, लाच नाही, "भाजी संपव मग देते" नाही. खाऊ हे छोटं जेवणच, फक्त मजेचं.

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचं एक साधं सूत्र आहे, ते मी फ्रिजवर लिहून ठेवलं: काय, कधी आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. वाचायला सोपं, पाळायला महाकठीण. पहिले चार दिवस आईंनी स्वतःचे हात पदराखाली धरून ठेवले होते, असं त्या आता हसत सांगतात.

पाचव्या दिवशी थालीपीठ होतं. ठकी ओट्याखाली भांडी वाजवत बसली होती. आईंनी तिला मांडीवर घेतलं, पोळपाटावरच्या ओल्या फडक्यावर थापलेलं थालीपीठ पुढे केलं आणि म्हणाल्या, "कर गं भोक." ठकीने बोट खुपसलं. मग अजून एक. मग अकरा. ते चाळणीसारखं थालीपीठ तव्यावर गेलं, खाली उतरलं, निवलं. ठकीने ते डोळ्यांसमोर धरून भोकातून आजीकडे बघितलं, "भॉक" केलं, आणि मग कडेचा तुकडा तोडून स्वतःच तोंडात घातला.

आई माझ्याकडे बघत होत्या. आम्ही दोघीही काही बोललो नाही. बोललो असतो तर तिने थांबवलं असतं!

त्या दिवसापासून आमचा एकच नियम आहे: प्रत्येक खाऊत ठकीच्या हाताला काहीतरी काम हवं. असे आमच्याकडे चाललेले चार खाऊ सांगते.

1. भोकांचं थालीपीठ
अर्धी वाटी भाजणी, दोन चमचे किसलेला दुधी किंवा बारीक चिरलेली मेथी, चिमूटभर हळद आणि जिरेपूड, अगदी थोडं मीठ. तिखट नाही. दुधीचं पाणी सुटतं, म्हणून पाणी बेताने घालून मऊ भिजवा. पुरीएवढी छोटी थालीपिठं थापा. भोकं मुलांनी पाडायची, तव्यावर टाकायचं काम आपलं. तुपावर मऊच ठेवा, कडक नको. सोबत घरचं लोणी किंवा दही.

2. मानमंदिरातलं बदक
किल्ल्यावर मानसिंह तोमरांच्या राजवाड्याच्या भिंतीवर निळ्या फरशांमध्ये पिवळ्या बदकांची रांग आहे. ठकीचं ते सगळ्यात आवडतं ठिकाण. म्हणून हे बदक.
अर्धी वाटी मुगाची डाळ चार तास भिजवून, थोडं आलं-जिरं घालून वाटा. हळद घाला, म्हणजे बदक पिवळं होतं. तव्यावर एक मोठं धिरडं घाला, एक लहान. ताटलीत मोठ्याचं अंग, लहानाचं डोकं आणि चोचीला मऊ शिजवलेल्या गाजराची फोड. चोच लावायचं काम मुलांचं. साचा-बिचा काही लागत नाही. बदकाखाली पालकाची पातळ चटणी पसरली की तळं तयार. आमच्याकडे पहिले काही दिवस तळं तसंच राहिलं. मग बदक त्यात पोहू लागलं.

3. केळं-नाचणीचे चांदोबा
एक पिकलेलं केळं मुलांच्या हातात द्या आणि वाडग्यात कुस्करायला सांगा. हात बरबटतील, ओटा बरबटेल, चालू द्या. त्यात अर्धी वाटी नाचणीचं पीठ आणि लागेल तसं दूध घालून दाटसर भिजवा. तुपावर रुपयापेक्षा थोडे मोठे चांदोबा घाला, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. केळ्याचीच गोडी पुरते, साखर-गूळ नको. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात 120 च्या आसपास. दूध कमी केल्यावर आईंना जी धास्ती वाटत होती, ती या आकड्याने गेली.

4. रामदान्याच्या टिकल्या
आपण ज्याला राजगिरा म्हणतो त्याला इथे बाजारात रामदाना म्हणतात. फुललेल्या राजगिऱ्याची एक वाटी, बिया काढून कोमट पाण्यात भिजवून वाटलेले सात-आठ खजूर आणि दोन चमचे भाजलेल्या तिळाची बारीक पूड. सगळं मळून घ्या. गोल लाडू न करता अंगठ्याने दाबून चपट्या टिकल्या करा. दाबायला मुलांना फार आवडतं. ठकीच्या अंगठ्याचा ठसा असलेली टिकली तिचे आजोबा पहिली उचलतात.

थोडं जपून

एक प्रसंग सांगायलाच हवा. थंडीत आमच्याकडे गजक येते. मुरैन्याची गजक तर 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली, तीळ-गूळ कुटून कुटून खुसखुशीत केलेली. ती चुरा करून चिमूटभर दिली तर विरघळते. पण एका पाहुण्यांनी ठकीच्या हातात कडक चिक्कीचा तुकडा दिला आणि ती तो चघळत पळत सुटली. ठसका लागला. चार सेकंद आवाजच आला नाही. मग जोरात खोकली आणि तुकडा बाहेर पडला. ते चार सेकंद मी विसरलेले नाही.

म्हणून चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, काजू-बदाम, पॉपकॉर्न, कडक चिक्की आणि कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नका. द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा. दाण्याचं कूट, बदामाची पूड चालते. खाताना मूल बसलेलं हवं आणि मोठं माणूस समोर हवं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही. दोन वर्षांपर्यंत वरची साखर शक्य तेवढी टाळा. आणि मोबाईल ताटाजवळ नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय की एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या वर नको.

मूल वजनात मागे पडत असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा मोजून दोन-चारच पदार्थ खात असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ घालवू नका. डॉक्टरांना दाखवा.

नको म्हणालं तरी

तुम्ही म्हणाल, आमचं पिल्लू तर बदकालाही नाही म्हणेल. म्हणू द्या. लीअन बर्च या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये दोन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला होता. अनोळखी पदार्थांपैकी कुठला दोनदा, कुठला पाच, दहा, पंधरा, वीस वेळा चाखायला दिला. जितक्या जास्त वेळा चव घेतली, तितका तो पदार्थ मुलांना आवडू लागला. आपण तिसऱ्या वेळेलाच "हिला आवडत नाही" असा शिक्का मारतो. दुधी ठकीने सहा वेळा बाजूला काढला, सातव्यांदा चाटला. आता कधी खाते, कधी नाही. तेही चालतं.

यंदा संक्रांतीनंतर ठकीचं बोरन्हाण केलं. गल्लीतली सगळी मुलं आली. शेजारच्या भाभींनी विचारलं, "ये क्या रस्म है?" आईंनी कौतुकाने सगळं सांगितलं. हलव्याचे दागिने, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे होतेच, पण अगदी लहान मुलांच्या हातात बोरं-ऊस न देता आम्ही वेगळी ताटली ठेवली होती, रामदान्याच्या टिकल्यांची. आदल्या संध्याकाळी त्या ठकीनेच दाबल्या होत्या. काही वाकड्या, काही फुटलेल्या. ती ताटली घेऊन ती स्वतः मुलांमध्ये फिरली आणि प्रत्येकाला म्हणाली, "घे. मी केला."

ती एक्सेल शीट मी त्याच रात्री काढून टाकली.

तुमच्या घरी कोणता खाऊ चालतो आणि त्यात तुमच्या चिमुकल्यांचं काम काय, ते नक्की कळवा. आमच्या ठकीच्या हातांना रोज नवीन काम हवं असतं!