फाटकातली जाळी आणि दहा टन पाण्याचा टँकर

पुण्यामुंबईकडच्या बहुतेक सोसायट्यांत फाटकाच्या रेषेत एक आडवं गटार असतं आणि त्यावर लोखंडी जाळी. पाणी खाली जावं, गाड्या वरून जाव्यात, एवढंच तिचं काम. तरी दोन-तीन पावसाळ्यांत ती मधोमध खचते, पट्ट्या निखळतात, रात्री उशिरा आलेली प्रत्येक गाडी तळमजल्याला जागं करते. मग फॅब्रिकेशनवाल्याला बोलावून जाड पट्टी टाकायला सांगतात आणि किलोवर दर ठरतो. माझं ठाम मत असं, की पैसे इथेच वाया जातात. जाळीला बळ येतं ते मुख्यतः पट्टीच्या उंचीमुळे.

गॅलिलिओने नजरकैदेत असताना पूर्ण केलेला आणि १६३८ साली लायडनमध्ये छापला गेलेला ‘दोन नवी शास्त्रे’ हा ग्रंथ याच प्रश्नात शिरतो. रुंद पट्टी आडवी ठेवली तर थोड्या वजनाने मोडते, तीच काठावर उभी केली तर कितीतरी जास्त पेलते. किती जास्त? रुंदीला जाडीने भागावं तितकी पट. पट्टीच्या आत ताण कसा वाटला जातो याबद्दलचा त्याचा अंदाज पुढे चुकीचा ठरला, पण हे गुणोत्तर टिकलं. ५० बाय ६ मिलिमीटरची पट्टी उभी बसवली की आडवीच्या सव्वाआठ पट भार घेते, आणि लवण्याच्या बाबतीत जवळजवळ सत्तर पट ताठ असते.

आता प्रत्यक्ष भार पाहू. माणसांसकट मोटार दोन टनांची धरली तर एका चाकाखाली अर्धा टन, धक्क्यासाठी दीडपट करून पाऊण टन. टायर सुमारे २०० मिलिमीटर रुंद, पट्ट्या ४० मिलिमीटरवर. म्हणजे एका वेळी पाच पट्ट्या चाकाखाली. गाळा, म्हणजे दोन टेकूंमधलं अंतर, ५०० मिलिमीटर. ५० बाय ६ च्या उभ्या पट्टीत ताण येतो प्रति चौरस मिलिमीटर ७५ न्यूटन. बाजारातलं साधं पोलाद २५० पर्यंत कायमचं वाकत नाही. मोटारीपुरतं हे भरपूर झालं.

पण उन्हाळ्यात १०,००० लिटरचा टँकर येतो. त्यात पाणीच दहा टन. मागच्या चार टायरांच्या आसावर २०१८ पासून कायद्याने ११.५ टन चालतात. म्हणजे एका टायरखाली जवळपास २.९ टन, धक्क्यासह ४.३. त्याच पट्टीत ताण सव्वाचारशेच्या घरात जातो आणि जाळी पहिल्याच फेरीत पोक काढते. इथे ५० बाय १५ ची जाड पट्टी टाकली तर ताण १७० वर येतो. तेवढ्याच वजनाची, म्हणजे तेवढ्याच पैशांची ७५ बाय १० ची पट्टी घेतली तर ११३ वर. राष्ट्रीय इमारत संहिता तर उंच इमारतींभोवतीची वाट ४५ टनांपर्यंतचा अग्निशमन बंब पेलणारी हवी असं सांगते. बंबही याच फाटकातून आत येणार.

गाळा दुप्पट केला की ताण दुप्पट होतो आणि लवणं आठपट. म्हणून नवं गटार बांधताना ते अरुंद आणि खोल ठेवणं हीच सर्वांत मोठी बचत.

उंच, सडपातळ पट्टीला एक खोड असते, ती कलंडते. तिला सरळ धरायला साधारण १०० मिलिमीटरवर आडव्या सळया लागतात. त्या वरच्या अंगाला जोडाव्यात. चाक वर आलं की पट्टीची तळची कड ओढली जाते. तिथे गाळ्याच्या मध्यावर मारलेला वेल्डिंगचा टाका म्हणजे भेगेला आमंत्रण. शिवाय पट्ट्या गाडीच्या दिशेनेच धावतात, त्यामुळे सायकलचं अरुंद चाक फटीत अडकू शकतं. वरच्या सळया ते अडवतात.

खडखडाटाचं मूळ बैठकीत असतं. अँगलची चौकट प्लास्टरमध्ये नुसती चिकटवली की कडा फुटतात. तिला पाय वेल्ड करून ते काँक्रीटमध्ये गाडले पाहिजेत, आणि प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना निदान ४० मिलिमीटर टेकली पाहिजे. काँक्रीट ओतण्याआधी जाळी ठेवून चारही कोपरे दाबून पाहावेत. एक जरी डुलला तरी पुढची सगळी वर्षं वाजत राहील.

गंज हा सावकाश वाढणारा भार आहे. सहा मिलिमीटरच्या पट्टीचा दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर गेला की एक तृतीयांश बळ गेलं. गटारातल्या ओलसर, दूषित हवेत रेड ऑक्साइडचा एक हात पुरत नाही. सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून घेतलेली जाळी खूप जास्त टिकते, मात्र सगळं वेल्डिंग आधी उरकलेलं हवं. नंतर वेल्ड केलं तर जस्त जळतं आणि त्याचा धूर वेल्डरला ताप आणतो.

चोरीच्या भीतीने जाळी चौकटीलाच वेल्ड करतात, मग पावसाळ्याआधी गाळ काढायला ती उघडतच नाही. त्यापेक्षा अर्ध्या-अर्ध्या मीटरचे तुकडे करावेत. ७५ बाय १० चा असा तुकडा ५० किलोच्या आत बसतो, दोघांना उचलता येतो. त्याला आकड्यासाठी दोन भोकं ठेवावीत आणि प्रत्येक तुकडा खालून बोल्टने चौकटीला अडकवावा.