पटकी, पेशी आणि जलसंजीवनी

मृगाचा पाऊस पडला की बिदर जिल्ह्यातील औराद तालुक्यात, संतपूर व आसपासच्या गावी, पेरणीची लगबग सुरू होते. याच दिवसांत गढूळ पाणी विहिरींत उतरते व त्याबरोबर पटकीचे भय येते. पटकीने धडधाकट माणूस काही तासांत का खंगतो आणि साखर-मिठाच्या पाण्याने तो कसा वाचतो, याचे उत्तर पेशीच्या अंतरंगात आहे.

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. बाहेरून येणारे अनेक संदेशवाहक रेणू ते ओलांडू शकत नाहीत. पटलातील ‘ग्राही’ नावाची प्रथिने त्यांना ओळखतात. पाहुणा वेशीबाहेर थांबावा आणि त्याचा निरोप कोतवालाने गावात पोचवावा, तद्वत ग्राहीला मिळालेला संदेश जी-प्रथिन आत पोचविते. हे प्रथिन तीन घटकांचे असते. एरवी त्याच्या अल्फा घटकास जीडीपी हा रेणू चिकटलेला असतो. संदेश येताच तो सुटून त्याच्या जागी जीटीपी येतो. मग अल्फा घटक विलग होऊन एका विकरास चेतवितो आणि ते विकर चक्रीय एएमपी हा दुय्यम संदेशवाहक तयार करते. थोड्याच वेळात अल्फा घटक जीटीपीचे पुन्हा जीडीपी करतो व काम थांबते. या शोधाबद्दल आल्फ्रेड गिलमन व मार्टिन रॉडबेल यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पटकीचे जंतू आतड्यात एक विष सोडतात, हे कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. हे विष आतड्याच्या पेशीत शिरून अल्फा घटकात असा बदल घडविते की, त्याला थांबताच येत नाही. बाहेरून निरोप नसताना कोतवाल अहोरात्र दवंडी पिटत राहावा, तशी ही स्थिती होय. चक्रीय एएमपी वाढत जाते, पेशींतून क्षार बाहेर पडतात व त्यांच्यामागे पाणीही वाहू लागते. रोगी मरतो तो या जलशोषाने.

तथापि, साखर व मीठ एकत्र शोषून घेणारा आतड्यातील मार्ग हे विष बंद करीत नाही. त्या दोहोंबरोबर पाणीही शरीरात जाते. जलसंजीवनीचे रहस्य हेच. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हिचा वापर करून हजारो रोग्यांचे प्राण वाचविले.

जलसंजीवनीची पुडी नसल्यास उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे आणि घोट-घोट पाजत राहावे. मीठ अधिक घालू नये. रोगी पिऊ शकत नसेल, ग्लानीत असेल वा लघवी थांबली असेल, तर त्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. शिक्षकांनी हे प्रमाण मुलांकडून पाठ करून घ्यावे. ग्रामपंचायतीने विहिरींत वेळच्या वेळी जंतुनाशक पूड टाकावी. पेशीतील बिघाड डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्यावरील उपाय प्रत्येक घरात आहे.